बेळगावहून विमानानं किती लांब, किती वेळ: हिशोब घरच्या घरी कसा मांडायचा

बेळगावहून मुंबईला विमानानं किती वेळ लागतो असं कुणालाही विचारा, उत्तर येतं, "तासभर." ते चुकीचं नाही. पण त्याच्यावर विसंबून दादरच्या दुपारच्या लग्नाला निघालात तर अक्षता हुकतील आणि थेट पंगतीत जाऊन बसावं लागेल. कारण वेळ तीन प्रकारचा असतो. एक विमान हवेत असतं तेवढा. दुसरा तिकिटावर छापलेला, तो थोडा मोठा. तिसरा तुमच्या दारातून निघून पाहुण्यांच्या दारात पोचेपर्यंतचा. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला कामाचा आहे तो हा तिसरा. इंटरनेटवर मात्र पहिलेच दोन मिळतात, आणि तेही कधी कधी एकमेकांत मिसळलेले.

हिशोब आपणच मांडायला शिकलं की बरं पडतं. मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर आणि नकाशा एवढ्यावर भागतं.

आधी विमानतळ नक्की करा

आपण बेळगाव जिल्ह्यातले म्हणून सांबराच, असं नाही. सीमाभागाला पाच विमानतळ हाताशी आहेत: सांबरा, हुबळी, कोल्हापूरचं उजळाईवाडी, आणि गोव्यातले मोपा आणि दाबोळी. तिकीट शोधताना लागणारी त्यांची तीन अक्षरी चिन्हं अनुक्रमे आयएक्सजी, एचबीएक्स, केएलएच, जीओएक्स आणि जीओआय. बेळगावचं चिन्ह टाइप करताना शेवटचं अक्षर नीट बघा. आयएक्सई म्हणजे मंगळूर. काही जुन्या संकेतस्थळांवर गाव अजून 'बेलगाम' या नावानं सापडतं, काहींवर 'बेळगावी'. नावानं सापडलं नाही तर चिन्ह टाकावं, वेळ वाचतो.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ सालची, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलानं बांधलेली. हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आजही शेजारीच आहे. प्रवाशांसाठीची नवी इमारत सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. शहरापासून अंतर दहा-बारा किलोमीटर, बागलकोट रस्त्यानं निलजी, मुतगे करत जायचं. बेळगाव शहर, तालुका, खानापूर, गोकाक या पट्ट्याला सांबराच सोयीचं.

निपाणीचं गणित वेगळं आहे. तिथून सांबरा ऐंशी किलोमीटरच्या घरात, तर उजळाईवाडी चाळीसच्या आत आणि जवळजवळ हायवेला लागूनच. जायचं त्या शहराला कोल्हापूरहून विमान असेल तर निपाणी, सदलगा, बोरगावच्या माणसानं बेळगावकडे तोंडही वळवू नये. याला एक अडचण आहे आणि ती नकाशावर दिसत नाही. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे थांबतात. असं अधूनमधून होतंच. त्या दिवसांत बसच्या भरवशावर विमान पकडायला जाऊ नका, खाजगी गाडी ठरवा. कित्तूर, बैलहोंगलच्या माणसाला हुबळी आणि सांबरा यांत फारसा फरक नाही, भाडं कमी तिकडे जावं.

गोव्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. मोपाचं विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीला खुलं झालं आणि आपल्याकडच्या लोकांचं लक्ष तिकडे वळलं. साहजिक आहे, विमानांची संख्या जास्त, काही परदेशीसुद्धा. सांबरा ते मोपा सरळ रेषेत मोजलं तर जेमतेम ८० किलोमीटर भरतं. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरा किंवा आंबोलीनं सावंतवाडीला उतरा, रस्ता शंभर-सव्वाशे किलोमीटरचा होतो आणि तीन तास धरावेच लागतात. पावसाळ्यात दरड कोसळली, कंटेनर आडवा झाला की त्या तीन तासांना काही अर्थ उरत नाही. जून ते सप्टेंबर पहाटेचं गोव्याचं विमान घ्यायचं असेल तर आदल्या रात्री खाली उतरून मुक्काम करावा असं माझं स्पष्ट मत आहे. हॉटेलचा खर्च धरूनही स्वस्त पडत असेल तरच गोवा.

सरळ रेषेतलं अंतर कसं काढायचं

सोपा मार्ग आधी. मोबाइलवर गूगल मॅप्स उघडा, सांबरा विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडेल. खालची पट्टी वर ओढली की अंतर मोजण्याचा पर्याय दिसतो. तो निवडून नकाशा मुंबईच्या विमानतळावर सरकवा, आकडा तयार.

पण एकदा हातानं करून बघा, म्हणजे आकडा कुठून येतो ते कळेल. सातवी-आठवीतल्या मुलाला सोबत घ्या, त्याचा भूगोल आणि पायथागोरस दोन्ही होऊन जातील. पिन टाकली की दोन आकडे दिसतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. सांबऱ्याचे १५.८६ आणि ७४.६२. मुंबईच्या सांताक्रूझ-सहार विमानतळाचे १९.०९ आणि ७२.८७.

अक्षांशांतला फरक ३.२३ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे कुठेही साधारण १११ किलोमीटर. म्हणजे उत्तरेकडे आपण ३५९ किलोमीटर जातो. रेखांशांतला फरक १.७५ अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, त्यामुळे तिथे १११ धरून चालत नाही. बेळगावजवळ एक अंश सुमारे १०७ किलोमीटरचा, मुंबईजवळ १०५ चा, दिल्लीजवळ ९८ चा. दोन्ही टोकांच्या मधला आकडा धरायचा. मुंबईसाठी १०६ धरला तर पश्चिमेकडे १८६ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण: ३५९ चा वर्ग अधिक १८६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ४०४ किलोमीटर.

देशातल्या कुठल्याही शहराला ही रीत पुरते, चूक झाली तरी चार-पाच किलोमीटरची. परदेशासाठी मात्र पृथ्वीचा गोलवा मोजणारं सूत्र लागतं, तिथे नकाशाचं साधनच वापरा.

याच रीतीनं सांबऱ्याहून बेंगळुरूचं केंपेगौडा विमानतळ ४४५ किलोमीटर येतं, हैदराबादचं शमशाबाद ४३५, पुण्याचं लोहगाव ३१०, आणि दिल्ली १,४३०. यात गंमत अशी की मुंबई आणि बेंगळुरू आपल्याला हवेतून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, फरक फक्त ४० किलोमीटरचा. रस्त्यानंही तसंच, दोन्ही पाचशेच्या आसपास.

रस्त्याचं अंतर हवेतल्या अंतराच्या किती पट भरतं तेही बघून ठेवा. मुंबई-बेंगळुरूच्या हायवेला ते एक-पंचमांशापर्यंत जास्त भरतं. गोव्याकडे दीडपट होतं, घाटामुळे. हा आकडा जितका मोठा तितका विमानाचा फायदा जास्त. पण बेळगाव-गोवा विमानानं जाण्याइतकं अंतरच नाही, हा भाग वेगळा.

अंतरावरून उडण्याचा वेळ

इथे विमान कुठलं आहे ते महत्त्वाचं. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरांत दिलेला असतो. पंख्याचं एटीआर असेल तर वेग ताशी साधारण ५०० किलोमीटर धरा. जेट असेल, मग ते छोटं एम्ब्रेअर असो की मोठं एअरबस, तर ८०० धरा. विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर वेग नॉटमध्ये दिसतो, त्याला १.८५ नं गुणलं की किलोमीटर मिळतात. ४३० नॉट म्हणजे ८०० च्या जवळपास.

नुसता भागाकार करून भागत नाही. विमान जागेवरून हलतं, धावपट्टीपर्यंत रांगत जातं, वर चढतं, पुढे उतरण्यासाठी वळसा घेतं, आणि उतरून पुन्हा रांगत जातं. या सगळ्याचे जास्तीचे अर्धा तास मिळवा. दुसरं टोक मुंबई किंवा दिल्ली असेल तर चाळीस मिनिटं, कारण तिथे उतरायला रांग असते आणि विमान आकाशात घिरट्या घालत राहतं. कल्याण-ठाण्यावरून दोनदा तीच खाडी दिसली की समजायचं, आपला नंबर लागलेला नाही.

आता मुंबई करून बघा. ४०४ भागिले ८०० म्हणजे अर्धा तास, अधिक चाळीस मिनिटं, एक तास दहा मिनिटं. एटीआर असेल तर ४८ मिनिटं अधिक चाळीस, दीड तासाच्या आत. म्हणजे मुंबईसाठी जेट की एटीआर यावर डोकं खपवू नका. वीस मिनिटांसाठी पाचशे रुपये जास्त देण्यात अर्थ नाही. दिल्लीचं वेगळं. १,४३० भागिले ८०० म्हणजे पावणेदोन तास आणि वर थोडं, अधिक चाळीस मिनिटं, जवळजवळ अडीच तास.

थेट विमान नसेल आणि बेंगळुरूवरून दिल्लीला जायचं झालं तर? बेळगाव-बेंगळुरू ४४५, तिथून दिल्ली सुमारे १,७००. म्हणजे २,१५० किलोमीटर. उत्तरेला जायचं म्हणून आधी दक्षिणेला जायचं, वळसा ७०० किलोमीटरचा. वेळ मोजा: सव्वा तास, दोन-अडीच तास थांबा, मग पावणेतीन तास. सहा तास झाले. हैदराबाद किंवा मुंबईवरून गेलात तर वळसा कमी पडतो. तिकीट शोधणारी संकेतस्थळं भाडं कमी ते वर दाखवतात, वळसा किती ते सांगत नाहीत. ते आपणच बघायचं.

तिकिटावरच्या वेळा कशा वाचायच्या

सुटण्याची वेळ म्हणजे चाक हवेत उचललं जाण्याची वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हलतं ती वेळ. पोचण्याची वेळ म्हणजे पलीकडे विमान जागेवर येऊन थांबतं ती. दरवाजा उघडून माणसं उतरायला अजून पाच-दहा मिनिटं. कंपन्या या वेळात थोडी ढील धरून ठेवतात, त्यामुळे कधी कधी उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर पोचतं.

छापील वेळेपेक्षा गेल्या आठवड्याच्या खऱ्या वेळा बघणं चांगलं. फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते किती वाजता सुटलं आणि किती वाजता उतरलं याची यादी येते. सातपैकी चार दिवस तासभर उशीर दिसला तर पुढचं विमान त्या हिशोबानं घ्या. संध्याकाळच्या विमानांना हा त्रास जास्त, कारण एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असतं आणि सकाळचा उशीर रात्रीपर्यंत साचत जातो. सकाळचं पहिलं विमान मिळत असेल तर तेच घ्यावं.

आणखी एक. देशातलं विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. सांबऱ्यासारख्या छोट्या विमानतळावर त्या वेळी काही विमानं बंद होतात, काहींचे दिवस बदलतात. गेल्या मे महिन्यात भाऊजी मंगळवारी गेले म्हणून यंदा डिसेंबरातही मंगळवारी विमान असेल असं नाही. उन्हाळ्यात बघून ठेवलेलं विमान दिवाळीनंतर पुन्हा तपासा.

दारातून दारापर्यंत

हा खरा हिशोब. समजा खानापूरहून दादरला जायचं आहे.

खानापूर ते बेळगाव २५-२६ किलोमीटर, पुढे सांबरा. टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं, गोवावेसला गाड्या अडकल्या असं धरून सव्वा तास. देशांतर्गत विमानाला सामान देण्याची खिडकी साधारण सुटण्याच्या एक तास आधी बंद होते आणि बोर्डिंगचं गेट सुमारे २५ मिनिटं आधी. सांबऱ्याला गर्दी बेताची असते, तरी दीड तास आधी पोचावं. मग विमानाचा एक तास दहा मिनिटं. मुंबईला उतरून, चालून, पट्ट्यावरची बॅग घेऊन बाहेर यायला पाऊण तास. तिथून दादर गर्दीच्या वेळी तासभर. बेरीज करा, पावणेसहा तास. हातातलीच बॅग असेल तर वीस-पंचवीस मिनिटं वाचतील.

रात्रीच्या खाजगी बसला बेळगाव-मुंबई दहा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे विमानानं चार-साडेचार तास वाचले. पण बस रात्रीची असते, दिवस मोडत नाही. विमानात दिवसाचे सहा तास जातात. सकाळी दहाची कोर्टाची तारीख असेल आणि त्याआधी पोचणारं विमान नसेल तर बसच बरी. वयस्कर माणसं, मणक्याचा त्रास, हॉस्पिटलचं काम, तिथे मात्र पैशाकडे बघू नये.

पुण्याला विमान शोधूच नका. रस्ता ३४० किलोमीटरचा. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाववरून जाते, आठवड्यातले काहीच दिवस असली तरी. कागल-सातारा रस्ता सहापदरी करण्याचं काम चालू असताना गाडीनं जायचं तर तासभर जास्त धरा. बेंगळुरूला ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून थेट वंदे भारत आहे, साडेआठ तासांची. विमानाचा दारातून दारापर्यंतचा वेळ तिथे साडेपाच-सहा तास होतो, कारण केंपेगौडा विमानतळ शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर लांब आहे. जयनगरला जायचं असेल तर दोन तास टॅक्सीत. डिसेंबरात सुवर्णसौधात अधिवेशन भरतं तेव्हा बेंगळुरूची तिकिटं लवकर काढून ठेवा, आणि हायवेकडून सांबऱ्याला येणार असाल तर हलग्याजवळच्या बंदोबस्ताचे वीस मिनिटं वेगळे धरा.

वारा, धुकं आणि आपला पाऊस

हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. पूर्वेला जाणारं विमान त्यामुळे लवकर पोचतं, पश्चिमेला जाणारं रेंगाळतं. बेळगाव-दिल्ली दक्षिणोत्तर असल्यामुळे आपल्याला तो फारसा जाणवत नाही. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं. त्या दोन महिन्यांत दुपारी पोचणारं विमान बघा.

सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं, म्हणून पावसाळ्यात ते बहुधा बेळगाव शहराच्या दिशेनं उडतं आणि मग वळतं. दोन-तीन मिनिटांचा फरक, त्याहून जास्त नाही. खरा घोळ उतरताना होतो. ढग खाली आले की विमान दुसऱ्या विमानतळाला वळवतात किंवा जिथून आलं तिथे परत नेतात. मग तेच विमान इथून पुढे जाणार असतं, तेही रद्द. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच दिवशीच्या परीक्षेला, मुलाखतीला किंवा परदेशी विमानाला जोडून सांबऱ्याचं विमान घेऊ नका. एक दिवस आधी जा.

परदेशी जोड असेल तर

घड्याळातल्या वेळेवरून उडण्याचा वेळ काढताना दोन्ही देशांच्या वेळेतला फरक विसरतात. दुबई आपल्या दीड तास मागे. मोपा ते दुबई सुमारे २,२०० किलोमीटर. सकाळी दहाला सुटून तिथल्या बाराला पोचतं म्हणजे दोन तास नव्हे, साडेतीन. परत येताना दुपारी दोनला सुटून आपल्या पावणेसातला उतरतं, तिकीट बघून पावणेपाच तास वाटतात, प्रत्यक्षात सव्वातीन.

मुंबईवरून जाणाऱ्यांनी एक गोष्ट तिकीट काढण्याआधीच तपासावी. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्याचं चिन्ह एनएमआय, जुन्याचं बीओएम. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून उडायचं असेल तर मध्ये मुंबईची वाहतूक आहे, दोन तास त्यालाच. जुन्या विमानतळातही सांताक्रूझचं टर्मिनल एक आणि सहारचं टर्मिनल दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, बाहेर पडून गाडीनंच जावं लागतं. दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणात असतील तर पहिलं विमान चुकल्यावर कंपनी पुढची सोय करते. वेगवेगळी काढली असतील तर दुसरं तिकीट बुडालं. वेगळी तिकिटं असताना, परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायचं हे धरून, बेळगावचं विमान उतरण्याची वेळ आणि परदेशी विमान सुटण्याची वेळ यांत किमान सहा तास ठेवा. पावसाळ्यात आदल्या दिवशीचंच विमान घ्या.